वाऱ्याच्या दिवशी पनवेल खाडीत जिताडा गरवताना : पाहुणे घेऊन जाणाऱ्या होडीवाल्यासाठी

आदल्या रात्री साडेनऊच्या सुमारास पाहुण्यांचा फोन येतो : “दादा, उद्या वारा आहे म्हणतात. जायचं ना?” या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे चटकन उत्तर देणारा होडीवाला मला फारसा विश्वासाचा वाटत नाही. वारा किती आहे यापेक्षा तो कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने आणि पाण्याच्या कोणत्या ओढीवर येणार आहे, यावर सगळे अवलंबून असते. बेलापूरच्या दिवाळे गावाच्या जेट्टीवरून मी पहिल्यांदा एकटा होडी काढत होतो तेव्हा वडिलांनी मासा कुठे लागेल हे सांगितले नाही. त्यांनी एवढेच विचारले होते : “येताना कसा येशील, ता आदी सांग.” हा लेख त्याच प्रश्नाच्या क्रमाने, म्हणजे परतीच्या वेळेपासून उलटा लिहिला आहे, कारण वाऱ्याच्या दिवसाची आखणी अशीच उलटी करावी लागते.

लेख गळाने मासा धरण्यापुरता, म्हणजे गरवण्यापुरता मर्यादित आहे. फायबरची लहान होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, एक होडीवाला, एक खलाशी आणि तीन किंवा चार पाहुणे, असे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे. मासा जिताडा. इंग्रजीत याला एशियन सीबास म्हणतात, जुन्या पुस्तकांत तो जायंट पर्च या नावाने सापडतो आणि बंगाली माणूस त्यालाच भेटकी म्हणतो. आफ्रिकेतल्या सरोवरांमधला प्रसिद्ध नाईल पर्च हा त्याचा सख्खा भाऊबंद आहे. म्हणजे परदेशात लोक वाऱ्याच्या तळ्यावर पर्च धरायला जातात तेव्हा त्यांना पडणारे बरेचसे प्रश्न आपल्यालाही पडतात. आपल्या खाडीत त्यांत भरती-ओहोटीची भर पडते.

आदल्या रात्रीचा हिशेब

पहिले काम पाण्याचे. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात आणि ते जरूर पाहावेत, पण तिथीवरून काढायचा जुना हिशेब प्रत्येक होडीवाल्याला तोंडपाठ असलाच पाहिजे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणून दुपारी आणि पहाटे सव्वादोनच्या सुमारास भरती पूर्ण होते, आणि साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अष्टमीला हाच हिशेब सहा वाजता येतो. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना नियम एकच लागतो. तक्त्यात दिलेली वेळ बहुधा अपोलो बंदराची असते, आणि खाडीत जितके आत जावे तितके पाणी उशिरा चढते, हे लक्षात ठेवून आपापल्या जेट्टीचा फरक स्वतःच्या वहीत नोंदवून ठेवावा.

दुसरे काम पाण्याच्या जोराचे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाचे पाणी चार मीटरांहून अधिक चढ-उतार करते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी सुस्त असते, आणि जिताडाही सुस्त असतो. ऐन उधाणात ओढ इतकी असते की शिसे तळाला टिकत नाही आणि पाणी गढूळ होते. पाहुण्यांसाठी मला द्वितीया ते पंचमी हे दिवस सर्वांत सोयीचे वाटतात. पाणी चालते असते, पण उधळलेले नसते.

तिसरे काम वाऱ्याचे. फेब्रुवारी ते मे या काळात आपल्याकडे पहाटे जमिनीकडून मंद मतलई वारा असतो, सकाळी उशिरा तो पडतो, आणि बाराच्या सुमारास वायव्येकडून किंवा पश्चिमेकडून खारा वारा सुरू होऊन दुपारी तीन-चारपर्यंत चढत जातो. हवामान खात्याचा अंदाज नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. दहा नॉटपर्यंत मी निर्धास्त निघतो. अकरा ते सोळा नॉट म्हणजे खाडीवर जागोजाग पांढरा फेस दिसू लागतो. अशा दिवशी फक्त आडोशाच्या जागा आणि तीनच पाहुणे. सतरा नॉटच्या पुढे अंदाज असेल तर फोन करून दिवस बदलून द्यावा आणि घेतलेले आगाऊ पैसे विनातक्रार परत करावेत. पैसे धरून ठेवणाऱ्याला सकाळी जेट्टीवर ‘नको’ म्हणणे जड जाते, आणि तिथेच चूक होते.

आता हे तिन्ही हिशेब एकत्र जोडावेत, कारण खरी मेख इथे आहे. बेलापूरपासून पनवेलकडे खाडी साधारण पूर्व-आग्नेयेला आत जाते. भरतीचे पाणी त्याच दिशेला वाहते आणि पश्चिमेचा वाराही त्याच दिशेला ढकलतो, म्हणून भरती असेपर्यंत वारा चढला तरी पाणी तुलनेने सपाट राहते. पाणी फिरले आणि ओहोटी लागली की वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून असे समोरासमोर येतात. मग अर्ध्या तासात आखूड, उभ्या, एकामागे एक आदळणाऱ्या लाटा उठतात. वारा तेवढाच असतो, फरक फक्त पाण्याच्या दिशेचा असतो. ठाण्याची मुख्य खाडी उत्तर-दक्षिण असल्याने तिथे वायव्येच्या वाऱ्यात बरोबर उलटे घडते : भरतीला पाणी खवळते आणि ओहोटीला निवते. त्यामुळे वाशी किंवा सारसोळेच्या मित्राचा ‘आज पाणी मस्त होतं’ हा निरोप बेलापूरच्या होडीवाल्याच्या उपयोगाचा नसतो.

तृतीयेचे उदाहरण पुढे चालवू. सुकती आठ-सव्वाआठला, भरती सव्वादोनला, वारा बारानंतर. सुकतीला जेट्टीसमोर चिखल असतो, म्हणून नऊच्या आधी होडी तरंगणार नाही. सव्वादोननंतर पाणी फिरले की वारा आणि ओहोटी समोरासमोर येतील. म्हणजे आपल्याला मिळतात नऊ ते पावणेदोन, आणि परतीला निघायची वेळ एक. ही एकची वेळ रात्रीच पाहुण्यांना लिहून पाठवावी. होडीत मासा लागत असताना सांगितलेली परतीची वेळ कोणी ऐकत नाही. आदल्या रात्री लिहून दिलेली ऐकतात.

याउलट दशमीला भरती सकाळी साडेसातला आणि सुकती दुपारी दीडला येते. वारा चढलेला, पाणी उतरलेले आणि जेट्टीसमोर चिखल, असे तिन्ही एकदम पुढ्यात येतात. वाऱ्याचा अंदाज असेल तर त्या दिवशी निघूच नये.

कागदपत्रे, जाकिटे आणि हद्द

मासेमारीचा परवाना असलेली होडी म्हणजे पाहुणे नेण्याची परवानगी नव्हे. प्रवासी बसवायचे तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडून होडीचे सर्वेक्षण आणि त्यासाठीचा परवाना लागतो, आणि परवान्यावर लिहिलेल्या माणसांच्या संख्येत लहान मूलही धरले जाते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीच्या वाटेवर प्रवासी बोटीला झालेला अपघात सर्वांना आठवत असेल. जाकीट अंगावर हवे. बाकाखाली ठेवलेले जाकीट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. पट्टे आवळून, खांद्याला धरून वर ओढून पाहावे. जाकीट कानापर्यंत वर आले तर ते सैल आहे.

ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यानचा ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हौशी पाहुण्यांना गरवायला तिथे नेऊ नये. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी यांत्रिक होड्यांना लागू असते. माशांच्या अंडी घालण्याचा तो काळ असतो आणि जिताडाही पावसाच्या तोंडाला खाडीच्या मुखाशी येतो. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय तशीही होडी निघत नाही.

मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावेत. पेट्रोलचे तीन भाग करावेत : एक जायला, एक यायला आणि एक न वापरण्यासाठी. वाऱ्याविरुद्ध परतताना इंजिन जवळजवळ दुप्पट पिते, असा माझा अनुभव आहे. इंजिन बंद पडल्यास एक वल्हे पुरत नाही, दोन हवीत. आणि इंजिनाच्या बंद-दोरीचे, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणाऱ्या दोरीचे, टोक मनगटाला अडकवल्याशिवाय कळ ओढू नये.

आमिष

जिताडा दबा धरून बसणारा मासा आहे. तो खांबाच्या, खडकाच्या किंवा तिवराच्या मुळांच्या आडोशाला पाण्याच्या ओढीकडे तोंड करून थांबतो आणि समोरून वाहत येणारे भक्ष्य तोंड उघडून आत ओढून घेतो. तेव्हा “टप्” असा आवाज येतो, आणि तो एकदा ऐकला की विसरत नाही. त्याला जिवंत कोळंबी आणि बोटभर ते वीतभर बोईट (खाडीतला लहान मासा) आवडतात. मेलेल्या आमिषावर शिंगाळे, म्हणजे काटेवाले मिशाळ मासे, येतात, आणि शिंगाळ्याचा काटा पाहुण्याच्या हातात गेला की तुमचा दिवस तिथेच संपतो.

कोळंबी सकाळी उजाडता ज्यांची जाळी येतात त्यांच्याकडून घ्यावी. वीस-पंचवीस पुरतात, पण ती जिवंत ठेवणे ही वेगळी कला आहे. कोळंबी उष्णतेने आणि गर्दीने मरते. रुंद तोंडाची बादली, त्यात खाडीचेच पाणी, बॅटरीवरचा हवेचा पंप आणि वर ओला गोणपाट. नळाचे पाणी एक तांब्याही घालू नये. दर अर्ध्या तासाने निम्मे पाणी बदलावे. मेलेली कोळंबी लगेच काढून टाकावी, नाहीतर ती बाकीच्यांना नासवते.

गळ लावताना कोळंबीच्या डोक्यावर, शिंगाच्या मुळाशी उजेडात धरल्यावर एक काळसर ठिपका दिसतो. त्या ठिपक्याच्या पुढून, शिंगाच्या खालून गळाचे टोक आडवे पार करावे. ठिपक्याला टोक लागले की कोळंबी तत्क्षणी मरते. बरोबर लावलेली कोळंबी पाण्यात सोडल्यावर पाय हलवत, मागे-मागे सरकत पोहते, आणि त्या हालचालीवरच मासा येतो. पाहुण्यांना हे एकदा स्वतःच्या हाताने दाखवावे, दुसऱ्यांदा त्यांच्याकडून करून घ्यावे. बोईट वरच्या ओठातून लावावे, पाणी ओढीचे असेल तर तेच बरे.

साहित्याबद्दल थोडक्यात. सात फुटांची मध्यम ताठ काठी, चार हजार मापाचे रीळ, त्यावर तीस पौंडी विणलेला दोरा, आणि पुढे हातभर ते वावभर (दोन्ही हात पसरल्याएवढे) पन्नास पौंडी जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा. जिताड्याचे दात बारीक असतात, पण गालपटाची कड सुरीसारखी असते आणि उडी मारताना तो डोके झटकतो तेव्हा पातळ तंगूस तिथेच कापले जाते. गळ ४/० किंवा ५/० मापाचा, टोक आत वळलेला, ज्याला दुकानात सर्कल हुक म्हणतात. हा गळ ओठाच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, आणि मासा सोडायचा असेल तर जिवंत सोडता येतो. वाऱ्याच्या दिवशी दोऱ्याला वाऱ्याने झोळ पडतो, म्हणून शिसे नेहमीपेक्षा थोडे जड लावावे आणि काठीचे टोक पाण्याजवळ खाली धरायला सांगावे. पाहुण्याने स्वतःची महागडी काठी आणली तर कौतुक करावे, पण गाठ आपण तपासावी.

पहिली जागा : पुलाचे खांब

भरतीच्या पहिल्या दोन तासांत खाडीच्या मधल्या खोल भागातच पाणी असते. तेव्हा आम्रमार्गाच्या किंवा उरणच्या रेल्वेच्या पुलाचे खांब धरावेत. ओढ खांबावर आदळते, त्याच्या दोन्ही बाजूंनी फाकते आणि मागे एक शांत घळ तयार होते. जिताडा त्या घळीच्या कडेला असतो, मध्यभागी नव्हे. आमिष वाहत्या पाण्यातून त्या कडेला नेऊन सोडायचे असते.

इथे सगळे कौशल्य नांगर टाकण्याचे आहे. खांबाला होडी कधीही बांधू नये. नांगर खांबाच्या वर, म्हणजे जिकडून पाणी येते त्या बाजूला टाकावा आणि दोर सोडत-सोडत खांबापासून काठीच्या फेकीवर यावे. दोर किती सोडायचा याचा हिशेब असा : पाण्याची खोली अधिक नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची, त्याची निदान पाचपट. चार मीटर पाणी आणि एक मीटर नाळ म्हणजे पंचवीस मीटर. पण पाणी चढते आहे हे विसरू नये. नऊला चार मीटर असलेले पाणी अकराला पाच-साडेपाच होते आणि तोच दोर आता आखूड पडतो, नांगर उचलला जातो, आणि गप्पांच्या नादात होडी खांबावर जाते. म्हणून दर अर्ध्या तासाने दोन वाव दोर वाढवावा, आणि काठावरच्या दोन स्थिर खुणा, उदाहरणार्थ एक विजेचा खांब आणि त्यामागचे एखादे इमारतीचे टोक, एका रेषेत धरून ठेवाव्यात. त्या खुणा सरकल्या की नांगर सरकला. नांगरानंतर निदान दोन मीटर साखळी हवी. नांगर नेहमी नाळेवरून टाकावा. मागून, इंजिनाच्या बाजूने टाकलेल्या नांगराने वाऱ्यात होडीत पाणी भरते.

पुलाच्या पायथ्याशी बांधकामाच्या वेळचे लोखंड आणि दगड पडलेले असतात, आणि नांगर अडकतोच. त्याच्या डोक्याकडच्या बाजूला वेगळी बारीक दोरी बांधून तिला बोया लावून ठेवावा, म्हणजे उलटीकडून ओढून तो सुटतो. मी ही दोरी लावायला एका आळसाच्या सकाळी विसरलो आणि एक नांगर कायमचा खाडीला दिला.

मासा लागल्यावर

सर्कल हुक असताना झटका द्यायचा नसतो, आणि नेमके हेच पाहुण्यांना सांगून पटत नाही. दोरा ताणला की फक्त रीळ गुंडाळायला सुरुवात करावी, गळ आपोआप बसतो. रिळाचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे साधारण साडेचार किलोवर, घरीच ताणकाट्याने लावून आणावा. जिताडा पहिली धाव खांबाकडे मारतो. त्या पहिल्या दहा सेकंदांत खलाशाने इतरांच्या काठ्या बाहेर काढायच्या आणि होडीवाल्याने इंजिन चालू करण्याच्या तयारीत राहायचे. मासा उडी मारतो तेव्हा काठी खाली झुकवावी, म्हणजे दोऱ्यावर एकदम भार येत नाही. तो पाण्यात पडला की पुन्हा ताण धरावा. जाळे आधी पाण्यात बुडवून स्थिर धरावे आणि मासा डोक्याकडून त्यात आणावा. शेपटीकडून जाळे लावणाऱ्याने माझे दोन चांगले जिताडे घालवले आहेत. वाऱ्यात होडी हलत असल्याने या वेळी फक्त काठीवाला उभा, बाकी सर्व बसलेले, हा नियम कडक ठेवावा. सर्वांत मोठा धोका असतो तो सगळे एकाच बाजूला फोटो काढायला धावण्याचा.

कोणता ठेवायचा आणि कोणता सोडायचा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जिताडा जन्मतः नर म्हणून वाढतो आणि पुढे काही वर्षांनी त्याची मादी होते. मीटरभर लांबीचा जिताडा बहुतेक मादीच असतो. हातभर लांबीचे मधले मासे ठेवावेत, वीतभर पिल्ले आणि मोठ्या माद्या फोटो काढून सोडून द्याव्यात. पाहुणे कधी कधी रागावतात, आणि ते साहजिक आहे. म्हणून हेही आदल्या रात्रीच लिहावे.

दुसरी जागा : तिवरांचे तोंड

अकराच्या सुमारास पाणी चिखलावर चढते आणि तिवरांच्या मुळांत शिरू लागते. बोईट आणि कोळंबी त्या पाण्याबरोबर आत जातात, आणि जिताडा त्यांच्या मागे. आता नांगर उचलून लहान नाल्यांच्या तोंडाशी यावे. वाऱ्याच्या दिवशी दोन काठांपैकी कोणता धरायचा? आडोशाचा काठ पाहुण्यांना सुखाचा असतो, पण वारा ज्या काठावर आदळतो तिकडे पाणी ढवळते, बारीक मासळी ढकलली जाते आणि मासा बहुधा तिकडे असतो. मी मधला मार्ग धरतो : वाऱ्याचा मारा असलेल्या काठावरचेच, पण एखाद्या वळणाने किंवा तिवरांच्या पुढे आलेल्या सोंडेने आडोसा दिलेले तोंड. अशा जागा तीन-चारच असतात. त्या शांत दिवशी, पाहुणे नसताना हिंडून वहीत लिहून ठेवाव्यात.

इथे नांगरापेक्षा होडी वाहू दिलेली बरी. वाऱ्याने ती भरभर जात असेल तर नाळेवरून दोरीला बांधलेली एक बादली पाण्यात सोडावी. होडीचा वेग निम्मा होतो आणि तोंड वाऱ्याकडे राहते.

आणि आता चिखलाबद्दल, जिथे माझी स्वतःची चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी करावे गावाच्या बाजूला, भरती पूर्ण झाल्यावर, “अजून दहा मिनिटं, काका” म्हणणाऱ्या तीन पाहुण्यांसाठी मी थांबलो. दहाची चाळीस झाली. पाणी फिरले होते, वारा होडीला काठाकडे रेटत होता आणि मी एका पाहुण्याचा गुंता सोडवत होतो. बुडाला चिखलाचा मऊ स्पर्श झाला तेव्हा तो मला आधी पायांना कळला, मग कानांना : लाटांचा आवाज थांबला होता. वल्ह्याने रेटले तर वल्हे दांड्यापर्यंत आत गेले. त्यानंतर सुमारे अकरा तास आम्ही एका सपाट, काळ्या, चमकणाऱ्या मैदानात बसून होतो, भोवती निवटे (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत होते आणि पामबीच रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे एकेक करून लागत गेले. कोणालाही होडीतून उतरू दिले नाही, एवढे एकच काम मी त्या दिवशी बरोबर केले; त्या चिखलात माणूस कमरेपर्यंत जातो आणि बाहेर येत नाही. म्हणून भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधीच तिवरांपासून दूर व्हावे. भरतीला रुतलेली होडी पंधरा मिनिटांत सुटते, ओहोटीला रुतलेली पुढच्या भरतीलाच.

परत येताना

एक वाजता काठ्या आत. सर्व गळ काढून डब्यात, बादली रिकामी, सामान तळाला बांधलेले, पाहुणे मधल्या आणि मागच्या बाकावर. पनवेलच्या अंगाला आत गेलेले असाल तर आता तोंड पश्चिमेला आणि वारा समोरून असतो. लाट सरळ नाळेवर न घेता किंचित तिरकी, साधारण अर्ध्या काटकोनात घ्यावी. नाळ हळूच वर जाते आणि हळूच उतरते. लाटेवर चढताना थोडा वेग द्यावा, उतरताना कमी करावा. वेग न बदलता सरळ रेटणाऱ्याच्या पाहुण्यांचे कंबरडे मोडते आणि पाणी आत येते ते वेगळेच. उलट, वारा पाठीवर असेल तेव्हा बरे वाटते पण धोका जास्त असतो, कारण मागची लाट होडीला आडवी फिरवू पाहते. त्या वेळी वेग लाटेइतकाच ठेवावा, आणि लाटेच्या पाठीवर बसल्यासारखे जावे.

जेट्टीला लागताना वाऱ्याकडे तोंड करून यावे. पाहुण्यांना उड्या मारू देऊ नयेत. आधी खलाशी, मग दोर, मग हात देऊन एकेक जण. मासा बर्फात गेला की नाही ते पाहावे. जिताड्याचे कल्ले काढून, रक्त धुऊन तो बर्फात ठेवला तर संध्याकाळपर्यंत उत्तम राहतो.

होडी धुऊन झाल्यावर वही उघडावी. तिथी, पाणी लागले ती खरी वेळ, वारा कधी चढला, कोणत्या खांबाच्या कोणत्या अंगाला मासा लागला आणि आमिष काय होते, एवढ्या पाच ओळी. माझ्या वहीत सहावी ओळही असते : निघायचे ठरवले होते कधी, आणि प्रत्यक्षात निघालो कधी.